गेटजवळच्या घमेल्यात कुत्र्यांसाठी ठेवल्या जाणाऱ्या उरलेल्या अन्नाबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, सोसायटी कमिटी,
विश्रामबाग, सांगली

स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी सी विंगला सत्यनारायण होता. उरलेला शिरा कुणीतरी मायेनं गेटजवळच्या घमेल्यात ठेवला आणि आपल्या मोतीनं तो चाटूनपुसून खाल्ला. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. वाकून पाहिलं, तर टम्म फुगलेले बेदाणे अख्खेच्या अख्खे पडले होते. दोन दिवस सलाईन लावावं लागलं. लघवी बंद पडली असती तर तो हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

बेदाणा कुत्र्याला विषारी, हे सांगलीत कुणाला पटेल? इथे बेदाण्याचे सौदे निघतात, पाहुण्याच्या हातावर पहिली मूठ बेदाण्याचीच. मलाही पटलं नव्हतं. पण द्राक्षानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यातलं टार्टारिक आम्ल याला कारण असावं, असं पशुवैद्यक २०२१ पासून मानू लागले आहेत. किलोभर बेदाण्याला चारेक किलो द्राक्षं लागतात, त्यामुळे बेदाणा जास्तच घातक. किती खाल्ले तर चालतात याचा हिशेब नाही. एखाद्याला थोडेसेही बाधतात. चिंचेतही तेच आम्ल असतं, तेव्हा चिंचेची आमटीही नको.

कांदा-लसणाचं तर आपल्या लक्षातच येत नाही. भडंगावरचा कच्चा कांदा असो की रश्शाचं वाटण, शिजवून त्याचा दोष जात नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, आणि तोवर काय खाल्लं होतं ते कुणाला आठवत नाही. चॉकलेट, तसंच झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असलेलं शुगर-फ्री च्युइंगगमही तितकंच वाईट.

घमेलं उचला, असं माझं म्हणणं नाही. साधा भात, भाकरी, उकडलेलं अंडं जरूर ठेवावं. फक्त घमेल्याजवळ एक पाटी लावू द्या, मी स्वतः लिहून देते: बेदाणे, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट नको. शिवाय जिन्याखालच्या ओल्या कचऱ्याच्या बादल्यांना झाकणं हवीत. सफाईवाल्या मावशी नऊला येतात, त्याआधीच कुत्री बादल्या पालथ्या करतात.

शिरा कुणी ठेवला याची चौकशी मात्र करू नये, ही कळकळीची विनंती. त्यात कुणाचंही मन वाईट नव्हतं.

पुढच्या रविवारी ए विंगला वास्तुशांत आहे. पाटी त्याआधी लागावी.

आपली नम्र,
एक सभासद, बी विंग