अ‍ॅडम स्मिथ मागच्या पानांपासून वाच

पुणे

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

कोजागिरीला तू माझी बोलती बंद केलीस. सरकारने बाजारात लुडबुड करू नये, हे अ‍ॅडम स्मिथ हा अर्थशास्त्रज्ञ अडीचशे वर्षांपूर्वीच सांगून गेलाय, असं तू छातीठोकपणे म्हणालास आणि तुमच्या व्यापारी संघातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तिथं काही बोलता येईना, कारण त्याचं ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हे पुस्तक त्या गच्चीवर कुणीच उघडलेलं नव्हतं. मी आता वाचलंय. अगदी सगळं नाही. पहिल्या भागाच्या शेवटी चांदीच्या चार शतकांतल्या किमतीवर भलंमोठं विषयांतर आहे आणि त्यामागे गव्हाच्या भावांचे तक्ते. ते मी बिनदिक्कत ओलांडले, तूही ओलांड.

पुस्तकाच्या सुरुवातीचा टाचण्यांचा कारखाना तुला ठाऊक असणारच. अठरा कामं दहा जणांत वाटून घेतली की दिवसाला 48,000 टाचण्या. एकट्याने सगळं करायचं तर दिवसभरात वीससुद्धा व्हायच्या नाहीत. बहुतेकांचा स्मिथ इथेच संपतो. पण पाचव्या भागात हाच कामगार पुन्हा भेटतो. जन्मभर त्याच दोन-तीन हालचाली करून माणूस होता येईल तितका मठ्ठ आणि अडाणी होतो, असं स्मिथ स्पष्ट लिहितो. म्हणून गरिबांच्या पोरांना लिहिणं, वाचणं, हिशेब यायलाच हवेत आणि त्याची सोय सरकारने लावावी, असंही. कर्जावरच्या व्याजाला कायद्याने कमाल मर्यादा हवी, हेही त्याचंच मत. आपापला फायदा बघणाऱ्यांकडून नकळत समाजाचंही भलं करवून घेणारा तुझा तो ‘अदृश्य हात’ या जाडजूड ग्रंथात एकदाच येतो, चौथ्या भागात, भांडवल देशातच गुंतवणाऱ्या व्यापाऱ्याच्या संदर्भात.

आणि व्यापारी! एकाच धंद्यातली माणसं नुसती मौजेखातर जरी जमली, तरी गप्पांचा शेवट लोकांविरुद्धच्या कटात नाहीतर भाव चढवायच्या एखाद्या युक्तीत होतो, असं त्याने लिहून ठेवलंय. तुमच्या मसाला दुधानंतर होजिअरीचा विषय कसा निघाला होता, आठवतं ना? रागावू नकोस. मजुरांनी एकी केली की बोभाटा होतो, मालकांची एकी मात्र कायमचीच असते म्हणून कुणाच्या नजरेत भरत नाही, हेही तो तितक्याच थंडपणे सांगतो.

मला खरं धरून ठेवलं ते ईस्ट इंडिया कंपनीवरच्या पानांनी. पुस्तक लंडनला 9 मार्च 1776 रोजी प्रसिद्ध झालं. आता आपल्याकडचं पंचांग काढ: पुरंदरचा तह 1 मार्च 1776 चा. म्हणजे नाना फडणीस आणि सखारामबापू ज्या कंपनीच्या वकिलाशी घासाघीस करून उठले, तिचं वस्त्रहरण आठवड्याभरात तिकडे छापून बाजारात आलं! व्यापाऱ्यांच्या मक्तेदार कंपनीचं राज्य हे कुठल्याही देशासाठी बहुधा सर्वांत वाईट राज्य, असं तो म्हणतो. हे असं अजब सरकार, की त्यातल्या प्रत्येक कारभाऱ्याला लवकरात लवकर तो देश सोडायचा असतो. आणि कमावलेलं सगळं घेऊन तो निघाला की दुसऱ्या दिवशी भूकंपाने सगळा मुलूख गिळला तरी त्याला सोयरसुतक नाही. पुरावा म्हणून तो अफूचं उदाहरण देतो. धान्याची टंचाई येतेय असं सांगून साहेब शेतकऱ्याला खसखशीचं उभं पीक नांगरून टाकायला लावतो. खरं कारण एवढंच, की त्याच्या स्वतःच्या कोठारातल्या अफूला भाव मिळावा. भाव चढणार असं दिसलं की उलट भाताचं शेत मोडून खसखस पेरायला लावायची. गंमत म्हणजे यात दोष माणसांचा नाही, त्यांना ज्या जागी बसवलंय त्या व्यवस्थेचा आहे, असंही तो आवर्जून नोंदवतो.

बंगालच्या 1770 च्या दुष्काळाबाबत मात्र माझं त्याच्याशी जमलं नाही. कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर अडाणी बंधनं घातली, त्यामुळे कदाचित टंचाईचा दुष्काळ झाला, असं तो म्हणतो. हा मुद्दा तुझ्या बाजूचा, घे. पण लोक मरत असतानाही सारावसुली थांबली नव्हती. 1771 ची वसुली 1768 पेक्षाही जास्त भरली, आणि हे खुद्द कंपनीचा बंगालचा गव्हर्नर हेस्टिंग्जने लंडनला कळवलंय. धान्याच्या व्यापाराची बाजू मांडताना स्मिथ या वसुलीबद्दल अवाक्षर काढत नाही. शेतकऱ्याच्या हातात पैसाच उरला नाही, तर बाजार कितीही मोकळा ठेवून त्याला तांदूळ मिळणार कुठून?

तर तू चौथ्या भागापासून सुरुवात कर, मग पाचवा, आणि टाचण्या सगळ्यांत शेवटी. पाचव्या भागात करांच्या प्रकरणात लिननच्या सदऱ्यावर एक परिच्छेद आहे, तो चुकवू नकोस. तू कापडवाला, तुला जास्त कळेल. ग्रीक-रोमन लोकांचं लिननवाचून काही अडलं नाही. पण स्मिथच्या काळातल्या इभ्रतदार मजुराला त्याशिवाय चारचौघांत यायला लाज वाटायची, म्हणून तो सदरा गरजेच्या वस्तूंत धरायचा. दारिद्र्यरेषेवर आपल्याकडे चाललेला वाद एवढ्या चार ओळींत मावतो.

ग्रंथाबाहेरची एक गोष्ट सांगतो आणि आवरतो. खुल्या व्यापाराचा हा पुरस्कर्ता 1778 मध्ये एडिंबरोला जकात आयुक्त झाला. आयातबंदीची यादी चाळताना त्याच्या लक्षात आलं, की आपले गळपट्टे, झालरी, हातरुमाल जवळजवळ सगळेच बेकायदा! त्याने ते जाळून टाकले आणि 1780 मध्ये एका मित्राला लिहिलं: तू मात्र तुझे आणि बायकोचे कपडे तपासायला जाऊ नकोस, नाहीतर तूही असाच अडचणीत येशील.

वहिनींना नमस्कार. दिवाळीत येतोय, तोवर चौथा भाग झालेला असू दे.

तुझा,
शिरीष