बेटकुळी आणि उंदीर

सांगली, रविवार रात्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मराठी शाळेत घातल्यावरून तू जे बोललीस ते मी काढणार नाही. आईनंही बजावलंय.

अ‍ॅनाटॉमीचे शब्द डोक्यात राहत नाहीत म्हणालीस. अगं, ते कॉन्व्हेंटवाल्यांच्या तरी कुठे घरचे आहेत? ग्रीक-लॅटिनचा माल तो. तुकडे पाडून बघ. आक्काच्या मिरजेच्या फाइलवर आधी ‘कोलेसिस्टायटिस’ होतं, नंतर ‘कोलेसिस्टेक्टमी’. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी. शेपूट तेवढं बदललं. आयटिस म्हणजे सुजली, एक्टमी म्हणजे काढली. औषधाच्या दुकानात तीस वर्षं काढून मला एवढं कळलं, तुला तर किती कळेल.

आणि तुझं संस्कृत कुठे गेलं? लॅटिनमध्ये गुडघ्याला गेनू म्हणतात, आपला जानु. डेंटलमधला दात आपला दंतच. अ‍ॅनिमियातला अ‍ॅन म्हणजे अनंतातला अन्. हायपो आपला उप, हायपर आपला उपरि. १७८६ मध्ये कलकत्त्याला विल्यम जोन्स साहेबानं भाषणात सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. इंग्रजी शाळेत घातलं असतं तर तुला संस्कृतऐवजी फ्रेंच घ्यायला लावलं असतं आणि मग... आला बघ विषय. सोड.

फक्त सारखं दिसलं म्हणून फसू नकोस. पीडियाट्रिक्समधला पीड ग्रीक, म्हणजे मूल. पेडलमधला पेड लॅटिन, म्हणजे पाय. आडनाव एक म्हणून सगळे देशमुख भाऊबंद नसतात. रोज दहा मुळं वहीत लिही, पहाटे उठून लिही, मोबाइल लांब ठेव. हे भाषण झालं, माफ कर.

मसल शब्द मात्र माझा लाडका. लॅटिनमध्ये मुस्कुलुस म्हणजे पिल्लूसा उंदीर. आपला मूषक त्याचाच भाऊबंद. नाना दंड फुगवून बेटकुळी दाखवायचे आणि तू ती बोटानं दाबून पळायचीस, आठवतं? कातडीखाली हलणारं तेच, रोमनांना उंदीर दिसला, आपल्याला बेडकी. बायसेप्स म्हणजे दोन डोक्यांचा, हेही नानांना सांगायचं राहिलं.

२०१९ च्या पुरानंतर दुकानात गुडघाभर गाळ होता. भिजलेला माल टाकण्याआधी यादी करायची होती, मी खोकी पुसायचो आणि तू नावं वाचायचीस. सातवीतली पोर, एक अक्षर चुकली नाहीस. मालक म्हणाले, ही डॉक्टर होणार. आता गिऱ्हाइकानं नुसती क्रोसिन मागितली तरी मी सांगतो, मुलगी मेडिकलला आहे.

तेव्हा मराठी शाळेमुळे तुझं काही अडलं नव्हतं. आता अडलंय का? खरं सांग. मी सगळ्यांना सांगत आलो, मातृभाषेतून शिकावं म्हणून घातलं. तुलाही तेच सांगितलं. पण त्या जूनमध्ये मी इंग्रजी शाळेचा फॉर्म आणून भरला होता. फीचा आकडा बघून परत कपाटात ठेवला. आईलाही हे माहीत नाही.

सोमवारी भडंग पाठवतो. लसूण जास्त पडलाय, मैत्रिणींना आधी विचार.

पुढचा फोन तूच कर. मी केला तर पुन्हा तोच विषय निघेल.

तुझे,
बाबा