लेबल मांसाला, फटका वासरू विकणाऱ्याला

महोदय,

अर्जेंटिनाच्या गोमांसाची सवलतीच्या शुल्कातील आयात २० हजार टनांवरून ८० हजार टनांवर नेण्याचा निर्णय अमेरिकी सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला आणि त्यावरून तिथले पशुपालक संतापले, यासंबंधीचा लेख आपल्या दैनिकात वाचला. लेखातील आकड्यांबद्दल तक्रार नाही. परंतु एका बाजूला महागाईने त्रासलेला ग्राहक आणि दुसऱ्या बाजूला चढे भाव सोडायला तयार नसलेला पशुपालक अशी जी मांडणी त्यात केली आहे, तीत या वादाची निम्मी बाजू, म्हणजे मांस कोणत्या देशाचे हे सांगणाऱ्या लेबलाची बाजू, सुटून गेली आहे. मी नेब्रास्कात गुरांचा डॉक्टर म्हणून काम करतो आणि ज्यांच्याकडे माझे जाणे-येणे असते ते बहुतेक लहान पशुपालक आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लहान म्हणजे किती लहान, हे आधी सांगितले पाहिजे. मांसासाठी पाळलेल्या गायींचा अमेरिकेतील सरासरी कळप ५० गायींच्याही आतला आहे. हा माणूस मांस विकत नाही, वासरे विकतो. वसंतात जन्मलेली वासरे उन्हाळाभर कुरणावर वाढवायची, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दूध तोडून लिलावाला न्यायची आणि त्या एका दिवसाच्या भावावर वर्षाचा संसार बेतायचा, असा त्याचा व्यवहार. पुढे ते वासरू फीडलॉटवर, म्हणजे गुरे पोसण्याच्या आवारात, धान्य खाऊन वाढते आणि शेवटी कत्तलखान्यात जाते, तोवर वर्ष उलटलेले असते आणि मालकही बदललेले असतात. या साखळीच्या शेवटच्या टोकाला टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चार कंपन्या बसलेल्या आहेत. पोसलेल्या गुरांपैकी सुमारे ८५ टक्के त्यांच्याकडेच कापली जातात. त्यांतल्या दोघींची मालकी ब्राझीलच्या उद्योगसमूहांकडे आहे. पाकिटावर काय छापायचे हे या टोकाला ठरते. वासरू विकणाऱ्याला त्यात विचारतो कोण?

आयातीमुळे अमेरिकी पशुपालक बुडेल ही ओरड मात्र मला अतिशयोक्त वाटते, हेही नोंदवतो. देशाचे गोमांस उत्पादन वर्षाला सव्वा कोटी टनांच्या आसपास आहे. त्यापुढे अर्जेंटिनाचे वाढीव ६० हजार टन म्हणजे अर्धा टक्का. शिवाय आयात होणारे बरेचसे मांस हे स्टेकचे नसून बिनचरबीचे तुकडे असतात आणि ते अमेरिकी गुरांच्या चरबीदार मांसात मिसळून त्याचा खिमा केला जातो. या देशात खपणाऱ्या गोमांसापैकी जवळपास निम्मा हा खिमाच असतो. तेव्हा फीडलॉटवरच्या गोऱ्ह्याच्या भावाशी या आयातीची थेट टक्कर नाही. टक्कर आहे ती भाकड गाईशी.

हे मी रोज पाहतो. हिवाळ्याच्या तोंडावर कळप खोड्यातून एकेक करून पुढे घेतला जातो, खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून मी गाय गाभण आहे की नाही ते तपासतो, आणि ‘रिकामी’ असे म्हटले की तिच्या पाठीवर खडूची रेघ ओढून तिला वेगळ्या फाटकातून सोडतात. ती लवकरच बाजारात जाते आणि तिच्या बिनचरबीच्या मांसाचा खिमा होतो. अशा गाईंची विक्री हा लहान पशुपालकाच्या उत्पन्नाचा साधारण १५ ते २० टक्के भाग असतो. चारा, डिझेल आणि माझे बिलही त्यातूनच भागते. परदेशी तुकड्यांशी स्पर्धा याच गाईची आहे आणि त्या स्पर्धेत कोणते मांस कुठले, हे गिऱ्हाइकाला कळायची सोय नाही.

त्यात वेळ साधली ती नेमकी लिलावाच्या हंगामाची. घोषणेबरोबर वायदेबाजार कोसळला, आणि वासरांचे सौदे वायद्याकडे बघूनच होतात. कांद्याने जरा डोके वर काढले की निर्यातबंदी ठोकणारे सरकार नाशिककरांनी पाहिले आहे; त्यांना यातली मेख अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. देशातील गुरांची संख्या जानेवारी २०२५ मध्ये ८ कोटी ६७ लाखांवर, म्हणजे १९५१ नंतरच्या नीचांकावर आली होती. दुष्काळात मोडलेले कळप पुन्हा उभे करायचे तर कालवडी विकण्याऐवजी ठेवाव्या लागतात, आणि पुढची दोन-तीन वर्षे भाव टिकेल असा भरवसा असल्याशिवाय कोणी त्या ठेवत नाही.

आता लेबलाविषयी. गोमांसावर मूळ देशाचे नाव छापणे २००९ पासून सक्तीचे होते. कॅनडा आणि मेक्सिको याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले, अमेरिका हरली, आणि एक अब्ज डॉलरहून अधिक प्रतिशुल्काची टांगती तलवार दिसताच संसदेने डिसेंबर २०१५ मध्ये गोमांस आणि डुकराच्या मांसापुरती ती सक्ती रद्द केली. कोंबडी आणि बोकडाच्या मांसावर देशाचे नाव आजही लागते, गोमांसावर नाही. त्यानंतरच्या काळात परदेशातून आलेले मांस इथे कापून पुन्हा बांधले तरी त्यावर ‘अमेरिकेचे उत्पादन’ असा शिक्का मारता येत असे. गवतावर पोसलेली गुरे वाढवून थेट गिऱ्हाइकाला मांस विकू पाहणाऱ्यांचे यात सर्वाधिक नुकसान झाले. १ जानेवारी २०२६ पासून ही पळवाट बंद झाली आहे: जनावर अमेरिकेत जन्मलेले, वाढलेले, कापलेले आणि त्याचे मांस इथेच प्रक्रिया केलेले असेल तरच तो शिक्का वापरता येतो. सुधारणा चांगली आहे, पण ऐच्छिक आहे. शिक्का न मारणाऱ्याला काहीच सांगावे लागत नाही, आणि आयात मांस विकणारा तो मारणार नाहीच.

सक्तीमुळे गोमांसाची मागणी वाढल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही आणि खर्च मात्र मोठा झाला, असे कृषी खात्याने २०१५ मध्ये संसदेला कळवले होते, आणि विरोधक त्याकडे बोट दाखवतात. आक्षेप खरा आहे. परंतु तो खर्च आणि तो खटला, दोन्ही प्रामुख्याने जिवंत गुरे सीमेपलीकडून आणून इथे कापण्याबाबतचे होते. प्रत्येक जनावर कुठे जन्मले याची नोंद साखळीभर सांभाळावी लागत असे. पेटीबंद येणाऱ्या मांसाचे तसे नाही. त्या पेटीवर मूळ देशाचे नाव बंदरापासून कारखान्याच्या दारापर्यंत असतेच. ते पुढे पाकिटापर्यंत न्यायला कोणत्याही वासराच्या कानात नवा बिल्ला अडकवावा लागत नाही. सक्ती परत आणणारे उभयपक्षीय विधेयक सिनेटमध्ये वारंवार मांडले गेले आहे. ते जसेच्या तसे संमत होण्याची वाट पाहण्यापेक्षा निदान आयात पेट्यांपुरता हा नियम आधी करावा, असे माझे मत आहे.

आपला,
एक मराठी पशुवैद्य, नेब्रास्का