सवलतीने कारखाना येतो, उत्पादकता येतेच असे नाही

संपादक महोदय,

उत्पादकता मंदावल्याची चर्चा निघाली की संशोधनावरचा खर्च वाढवण्याचा सल्ला दिला जातो; मागास प्रदेशांचा विषय निघाला की अनुदान आणि करसवलतीचा. हे दोन प्रश्न वेगळे मानल्यामुळे दोन्हीकडचे उपाय चुकतात, असे आमचे मत आहे.

उत्पादकता म्हणजे मूल्यवर्धन भागिले कामाचे तास. विक्रीतून कच्चा माल, वीज आणि बाहेरून घेतलेल्या सेवांचा खर्च वजा केला की मूल्यवर्धन उरते. जास्त तास राबले तर भाजकही वाढतो. म्हणून ‘लोक कष्ट करत नाहीत’ हा युक्तिवाद इथे लागूच पडत नाही. वाढीच्या दरातला फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण दर 3 टक्के असेल तर उत्पादकता साधारण 24 वर्षांत दुप्पट होते, दीड टक्का असेल तर 47 वर्षे लागतात. अमेरिकेत 1995 ते 2004 आणि त्यानंतरचे दीड दशक यांत जवळपास एवढाच फरक पडला.

नवे तंत्रज्ञान आटले म्हणून हे झाले का? ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने 2015 मध्ये मांडलेले आकडे वेगळे सांगतात. या शतकाच्या पहिल्या दशकात वस्तुनिर्माण क्षेत्रातल्या जगातल्या आघाडीच्या कंपन्यांची उत्पादकता वर्षाला साडेतीन टक्क्यांनी वाढत होती, उरलेल्यांची जेमतेम अर्ध्या टक्क्याने. शोध लागत होते, पण ते खाली झिरपत नव्हते.

झिरपत का नाहीत, हे विजेच्या उदाहरणावरून कळते. न्यूयॉर्कमधले एडिसनचे वीजकेंद्र 1882 मध्ये सुरू झाले. अमेरिकी कारखान्यांना विजेचा खरा लाभ मिळाला 1920 च्या दशकात. सुरुवातीला मालकांनी वाफेचे इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली, पण छताखालचा लांब दांडा आणि त्यावरून यंत्रांना फिरवणारे पट्टे तसेच ठेवले. एक यंत्र चालवायचे तरी अख्खा दांडा फिरवावा लागे, आणि यंत्रे दांड्याच्या सोयीने मांडावी लागत. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आली, कामाच्या क्रमाने मांडणी झाली, तेव्हा उत्पादन वाढले. आज संगणक घेऊनही नोंदी कागदावरून पुन्हा टंकत बसणारी कार्यालये त्याच जुन्या दांड्यावर चालली आहेत.

दुसरी अडचण व्यवस्थापनाची, आणि ती फार दुर्लक्षित आहे. भारतातल्या काही कापड कारखान्यांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सल्लागारांनी साध्याच गोष्टी करवून घेतल्या: माग थांबला की कारणाची नोंद, दोषांची प्रकारवार मोजणी, सुताच्या साठ्याचा हिशेब, यंत्रांची ठरल्या वेळी देखभाल, रोज आकडे पाहण्याची बैठक. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. मग हे आधी का केले नाही? काही पद्धती मालकांना ठाऊकच नव्हत्या. ज्या ठाऊक होत्या, त्यांतून काही फायदा होईल असे वाटत नव्हते.

आता नकाशा पाहा. आघाडीच्या कंपन्या, त्यांची मुख्यालये आणि संशोधन केंद्रे मोजक्या शहरांत एकवटतात. मागे राहिलेल्या कंपन्यांना शिकण्यासारखे शेजारी मिळत नाहीत. कामगाराने शहर गाठायचे म्हटले, तर नवी घरे बांधण्यावर निर्बंध असलेल्या शहरात वाढीव पगार घरभाड्यातच जातो. त्यामुळे जातात ते बहुतेक तरुण आणि शिकलेले, आणि मागे राहिलेला प्रदेश आणखी दुबळा होतो.

मोठा कारखाना आणून बसवणे हा यावरचा लोकप्रिय उपाय. इटलीने दक्षिणेसाठी 1950 मध्ये खास निधी उभारला. सुरुवातीला रस्ते, सिंचन, पाणीपुरवठा यांवर भर होता आणि उत्तरेशी असलेली दरी खरोखर कमी होत गेली. पुढे तारांतोसारखे पोलाद कारखाने आणि पेट्रोरसायन प्रकल्प आले. त्यांना लागणाऱ्या सेवा आणि यंत्रे बहुतांशी बाहेरून येत, त्यामुळे आसपास पूरक उद्योग फारसे उभे राहिले नाहीत. 1973 च्या तेलसंकटानंतर अंतर कमी होणे थांबले. पूर्व जर्मनीत 1990 मध्ये पगार एकास एक दराने पश्चिमेच्या चलनात बदलले, उत्पादकता मात्र निम्म्याहूनही कमी होती. कारखाने भराभर बंद पडले. पुढे रस्ते, दूरध्वनी सगळे नवे झाले, तरी मोठ्या कंपन्यांची मुख्यालये पश्चिमेतच राहिली.

आकडे वाचतानाही सावध राहावे. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा तिथल्या वह्यांत हलवली म्हणून 2015 मध्ये आयर्लंडचा जीडीपी सुमारे 25 टक्क्यांनी ‘वाढला’. लक्झेंबर्गमध्ये जवळपास निम्मे कामगार रोज सीमेपलीकडून येतात; दरडोई जीडीपी काढताना त्यांचे उत्पादन मोजले जाते, लोकसंख्येत त्यांची डोकी मोजली जात नाहीत.

म्हणून सवलत देताना गुंतवणुकीची रक्कम आणि रोजगाराचा आकडा एवढेच विचारणे पुरेसे नाही. खरेदीपैकी किती टक्के शंभर किलोमीटरच्या आतून होणार, पुरवठादारांना गुणवत्तेचे प्रशिक्षण कोण देणार आणि डिझाइनचे काम किती तिथे राहणार, हेही करारात लिहून घ्यावे आणि सवलत वर्षाअखेर पडताळणी करूनच द्यावी. जोडीला छोट्या कारखान्यांत जाऊन मांडणी, देखभाल आणि नोंदी सुधारून देणारी सेवा हवी. अमेरिकेत 1988 च्या कायद्याने अशी केंद्रे सुरू झाली, आज ती सर्व 50 राज्यांत आहेत. तिथे अनुभवी अभियंते नेमावेत. फक्त अर्ज भरून देणारे कार्यालय आपल्याकडे आणखी एक नको.

आपले,
उद्योग-अर्थशास्त्राचे काही अभ्यासक