कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींना, अण्णांच्या गाडीच्या दाराबद्दल

सप्रेम नमस्कार मिस्त्री,

त्या संध्याकाळी तुमच्या शेडमधून निघताना मी काहीच बोलले नाही. मजुरीचे पैसे दिले, लाडवांचा डबा तुमच्या भाच्याच्या हातात ठेवला आणि आमच्या गाडीत जाऊन बसले. तुम्हाला वाटलं असेल, ताईंना काम पसंत पडलं नाही. तसं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि शेडमधल्या पोरांसमोर ते नको होतं. पार गगनबावडा येईपर्यंत आमचे हेसुद्धा एक शब्द बोलले नाहीत. आता पंधरा दिवस झाले तरी ती संध्याकाळ डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून लिहितेय. तुमचा भाचा वाचून दाखवेलच. नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलं होतंत, “नाव नगं ताई, उगंच गर्दी हुतीया,” म्हणून घातलेलं नाही. पण चारचौघांत लिहितेय, कारण अशी गाडी झाकून ठेवून बसलेली माणसं कोकणात आणि घाटावर आणखी आहेत, आणि ती सगळी अशाच एखाद्या मिस्त्रींची वाट बघत असणार.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाडी १९५७ ची एम.जी.ए. इंग्लंडातल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात झालेली. १९५५ ते १९६२ या सात वर्षांत तिथं अशा एक लाखाहून थोड्या जास्त गाड्या झाल्या, आणि त्यातल्या सहा हजारसुद्धा इंग्लंडात राहिल्या नाहीत, बाकी सगळ्या बाहेरच्या मुलखांत गेल्या. त्यातली एक फिरत फिरत मुंबईला आली आणि १९७१ साली अण्णांच्या हाती लागली. दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी. आम्ही दोघं भावंडं सीटच्या मागच्या फटीत गुडघे मुडपून बसायचो, आणि आमच्या बुडाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या. अण्णा मुंबईहून देवगडला तिच्यातून येत. रस्त्यात कुठं थांबलं की पोरं जमायची आणि दार कसं उघडायचं ते शोधत बसायची, कारण त्या गाडीच्या दाराला बाहेरून मूठच नाही. वरून आत हात घालायचा आणि दाराच्या आतली वायर ओढायची. अण्णा ते इतक्या सहज करायचे की हात आत गेलेला दिसायचासुद्धा नाही, दार आपणहून उघडल्यासारखं वाटायचं.

१९८९ ला ती बंद पडली, ती पडवीला लागून काढलेल्या कौलारू शेडमध्येच राहिली. पार्ट मिळेनात, मग आमची शिक्षणं, लग्नं, अण्णांचं आजारपण. समुद्र अर्ध्या मैलावर. खारा वारा लोखंडावर मीठ आणून बसवतो, मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, आणि गंज बारा महिने चालूच राहतो. त्या गाडीच्या तळाला तर प्लायवूडच्या फळ्या. त्या वाळवीनं खाल्ल्या. अण्णा गेले तेव्हा मडगार्डातून पलीकडचं दिसत होतं.

ते गेल्यावर वर्षभरानं एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपनं गाडी नवी करून देतो म्हणून सांगितलं. चकचकीत ऑफिस, भिंतीवर फोटो, बोलणं मधासारखं. आगाऊ रक्कम घेतली. मग तीन वर्षं आमचे फोन आणि त्यांचे वायदे. गाडी मागच्या आवारात उघड्यावर उभी होती, वर साधी ताडपत्रीसुद्धा नव्हती. तीन पावसाळे तिनं तिथं काढले. मी भांडून परत आणली तेव्हा डाव्या दाराची कड पहार घालून उचकटलेली होती. मूठ सापडली नाही म्हणून. तीन वर्षं ज्यांच्या ताब्यात गाडी होती, त्यांना तिचं दार उघडायचं माहीत नव्हतं, आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. पैशांचं दुःख मी कधीच सोडून दिलं. त्या पहारीचं अजून सुटलेलं नाही.

मग कुणाच्या तरी ओळखीनं तुम्ही. मला आठवतंय, ट्रकवरून उतरवायच्या आधी तुम्ही चपला काढून ट्रकवर चढलात आणि चासीवरून, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरून, हात फिरवत गेलात. टेस्टरनं टोचून बघितलंत, तो आरपार गेला. मी खाली उभी होते. तुम्ही गोड काही बोलला नाहीत. म्हणालात, “ताई, ही आता हुभी ऱ्हाणार न्हाई. चासी खाल्लीया. पर आत माल हाय, त्यो वाचवूया.” त्या एका वाक्यात तीन वर्षांचं खोटं संपलं. वाईट बातमी सरळ सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायला मला एक मिनिटही लागलं नाही.

आणि मग बॉनेट उघडल्यावर तुमचा चेहरा! “ह्यो तर आपला अँबॅसिडरच की!” खरंच तेच इंजिन, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, १४८९ सी.सी.चं. अँबॅसिडरला १९५९ पासून जे बसवलं, तेच ह्या गाडीला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे दोन कार्ब्युरेटर लावून बसवलेलं. जिल्हा परिषदेच्या आणि मामलेदारांच्या अँबॅसिडर उघडण्यात तुमची तिशी-चाळिशी गेली. जे इंजिन शहरातल्या लोकांनी ‘परदेशी आहे, पार्ट मागवावे लागतील’ म्हणून तीन वर्षं तसंच पाडून ठेवलं, त्याच्याशी तुम्ही जुन्या दोस्ताला भेटावं तसे बोललात. जाम होतं. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडून तुम्ही ते आठ दिवस तसंच ठेवलंत, रोज सकाळी पुढून हँडल घालून नुसता दाब द्यायचा, झटका नाही. नवव्या दिवशी तुमच्या भाच्याचा फोन आला, “मामा म्हणत्यात, फिरलं.” एवढंच. मी स्वयंपाकघरात होते, गॅस बंद करून खाली बसले.

कार्ब्युरेटरचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. वरची घुमटी आणि तिच्यातला पिस्टन ही जोडी कारखान्यातच एकमेकांच्या मापानं बसवलेली असते, ह्याची घुमटी त्याला चालत नाही. तुम्ही पिस्टन उचलून सोडलेत, खाली यायला किती वेळ लागतो ते मोजलंत आणि म्हणालात, अदलाबदल झालीया. त्या वर्कशॉपनं उघडून उलटसुलट भरले होते. तुम्ही जोड्या पुन्हा लावल्या आणि एकीला लाल दोरा बांधलात, एकीला पांढरा. हे मला तुम्ही सांगितलंही नव्हतं, दोरे कशाचे म्हणून मीच विचारलं. चाकांच्या मधले ते दोन कानांचे मोठे नटसुद्धा तुम्ही तांब्याच्या हातोड्यानं हळूहळू सोडवलेत आणि उजव्या बाजूला उलटे आटे असतात ते पोरांना हातात हात धरून शिकवलंत. एका मोडायला आलेल्या गाडीवर कुणी शिकवणी घेतं का? तुम्ही घेतलीत.

पण माझं पत्र ह्यातल्या कशासाठीही नाही. ते दारासाठी आहे.

गाडी मोडायच्या दिवशी तुम्ही मला मुद्दाम बोलावलंत. मी आले तेव्हा गॅस कटर तयार होता, पोरं बाजूला उभी होती. तुम्ही मला उजव्या दारापाशी नेलंत आणि म्हणालात, “आधी तुम्ही उघडा ताई.” मला वाटलं, थट्टा आहे. वायर तर कधीच गंजून तुटली होती, मी स्वतः बघितलं होतं. तरी अण्णा घालायचे तसा आत हात घातला. बोटांना वायर लागली. ओढली. आणि दार उघडलं, तसंच, आपणहून उघडल्यासारखं.

आदल्या रात्री तुम्ही सायकलच्या ब्रेकची वायर आणून आत ओवली होतीत. कुलपाला तेल घातलं होतंत, बिजागऱ्या सोडवल्या होत्या. तासाभरानं जी गाडी कापायची तिच्या दाराला. त्याचे पैसे कुणी मागितले नव्हते, कुणी देणार नव्हतं, आणि बिलात ते लिहिलेलंही नव्हतं. तुमचा भाचा नंतर हळूच म्हणाला, मामा रात्री साडेदहापर्यंत इथंच होते. मी आत बसले. सीट म्हणजे नुसत्या स्प्रिंगा, पायाखाली सिमेंटची जमीन. तुम्ही पोरांना चहाला पिटाळलंत आणि स्वतः पाठ करून उभे राहिलात. किती वेळ बसले होते मला माहीत नाही. तुम्ही घाई केली नाहीत.

अण्णा म्हणायचे, माणूस कसा आहे ते तो निरुपयोगी वस्तूशी कसा वागतो त्यावरून बघावं. मला तेव्हा ते समजलं नव्हतं. माझ्या वडिलांना दवाखान्यात शेवटी शेवटी ज्यांनी नीट कूस बदलून दिली त्या आयाबाई मला त्या दिवशी तुमच्या शेडमध्ये आठवल्या. आता काही उपयोग नाही हे त्यांनाही माहीत होतं. तरी उशी सारखी करायच्या. अशी माणसं आहेत म्हणून आपलं चाललं आहे, मिस्त्री. पाट्या लावलेल्या दुकानांत ती सापडतीलच असं नाही, पण आहेत.

बाकीचं थोडक्यात कळवते. इंजिन, दोन्ही कार्ब्युरेटर आणि चाकं पुण्याच्या त्या मुलीकडे पोचली. तिच्या आजोबांच्या एम.जी.ए.ला कुणीतरी भलतंच डिझेल इंजिन बसवलं होतं, ते आता निघालं. बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं म्हणून वाचलं, बिजागऱ्यांपाशी पांढरी भुकटी धरली होती ती तिच्या मिस्त्रींनी साफ करून घेतली. लाल दोरा, पांढरा दोरा तिनं अजून सोडलेला नाही. भंगाराच्या काट्याची पावती तुम्ही रुपयापर्यंत माझ्या हातात दिलीत, ती अण्णांच्या कागदांत ठेवली आहे. स्टेअरिंग माझ्या भावानं नेलं.

दार मी कुणाला दिलं नाही. ते इथं देवगडला ओटीवर भिंतीला टेकून उभं केलं आहे, आतला सांगाडा गंजलेला आहे तसाच ठेवलाय, फक्त वर हात फिरवून तेल लावते. शेजारची पोरं येतात आणि मूठ शोधत बसतात.

आंब्याची पेटी कणकवलीहून एस.टी.नं पाठवली आहे, शुक्रवारी सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर भाच्याला जायला सांगा. वरचा थर पिकायला चार दिवस लागतील, खालचा आधी काढा. वहिनींना नमस्कार.

तुमची,
देवगडची ताई