शिडी धरायला कुणी नाही

ती. बाबांस,
सा. न.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "गॅरेजमध्ये एवढ्या उंचावर सामान ठेवलंयस, ते काढतेस कसं?" मी "शिडी आहे की" म्हणाले आणि विषय बदलला. तेव्हा माझ्या नडगीवर बर्फाची पिशवी होती. आता सूज उतरलीय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या गॅरेजचं छत १४ फुटांवर आहे. दार वर गेलं की आडवं होऊन छताखाली सरकतं. त्याचे रूळ आणि मोटरची दांडी धरून नऊएक फूट उंची त्यातच जाते. त्याच्या वरची जागा रिकामी होती, म्हणून तिथे छतापासून लोखंडी मांडणी टांगून घेतली. तिचा तळ जमिनीपासून दहा फुटांवर. मोठ्या बॅगा, तंबू, जादाचे टायर, जुन्या कागदांच्या पेट्या असं सगळं वर गेलं. चढवायला चौघं होतो, त्यामुळे उतरवायचा विचार कुणीच केला नाही.

घरातली शिडी सहा फुटी, घडीची. तिच्यावर सहा फुटांवर उभं राहता येतं असं मी खुशाल धरून चालले होते. प्रत्यक्षात माथ्याची पाटी आणि तिच्या खालची पायरी उभं राहायला नसतेच, म्हणजे पाय चार फुटांच्याही खाली. हात पूर्ण ताणले तर बोटं जेमतेम बॅगेच्या बुडाला लागत होती. मग काय, चढले माथ्यावर. बॅग इंच इंच ओढत होते, ती अडली, आणि मग एकदम सुटली. ती गाडीच्या बॉनेटवर पडली आणि मी पायरीला नडगी घासत खाली आले. बॉनेटला पोचा आलाय. हाड शाबूत आहे, डॉक्टरांना दाखवून आले.

पाय वर ठेवून बसले होते तेव्हा आपला माळा आठवला. आई स्टुलावर चढायची, तुम्ही स्टूल धरायचात आणि सामान आईच्या हातातून तुमच्या हातात यायचं. म्हणजे ते काम दोन माणसांचं होतं, हे मी कधी मोजलंच नव्हतं. इथे दिवसभर घरात मी एकटी. शिडीवर एक हात तरी धरायला मोकळा हवा, आणि पेटीला लागतात दोन्ही हात. त्यामुळे शिडी बघताना मी एकच विचारायचं ठरवलं: एकटीने पेटी खाली कशी आणणार?

भिंतीला टेकवायची सरळ शिडी लगेच बाद झाली. दर चार फूट उंचीला तिचा पाय एक फूट बाहेर घ्यायचा असतो. तेवढी जागा आहे, पण टेकवायची कशाला? टांगलेली मांडणी खाली येणारा भार पेलते, बाजूने रेटा दिला की हलते. एकात एक सरकणारी शिडीसुद्धा टेकवावीच लागते. छतातून खाली ओढायची शिडी वर पाय ठेवायला जमीन असेल तरच कामाची.

चाकांच्या शिडीवर मात्र माझा जीव जडला होता. रुंद पायऱ्या, दोन्हीकडे कठडा, आणि आपण वर पाय ठेवला की चाकं आत दबून ती जमिनीवर बसते. पण गॅरेजच्या फरशीला दाराकडे उतार असतो, पाणी बाहेर जावं म्हणून. मी एक चेंडू मागच्या भिंतीशी ठेवला, तो हळूहळू निघाला आणि थेट दारापाशी जाऊन थांबला. शिडी रिकामी असताना तीही तेच करणार. शिवाय गाडी आत असली की ती ठेवायची कुठे?

शेवटी घेतली ती वर चौथरा असलेली घडीची शिडी. चौथरा सहा फुटांवर, तीन बाजूंनी कमरेपर्यंत कठडा. त्यावर उभी राहिले की मांडणीचा तळ माझ्या छातीशी येतो, त्यामुळे हात डोक्यावर न्यावे लागत नाहीत. तिच्यावर ३०० पौंड लिहिलंय, म्हणजे साधारण १३६ किलो. त्यात माणूस आणि त्याच्या हातातलं ओझं दोन्ही आलं. उतारावर ती डुगडुगणार नाही अशी जागा शोधून जमिनीवर खडूने चार खुणा केल्यात.

एक गोष्ट मात्र मला कुठल्याच दुकानात कुणी सांगितली नाही. शिडी लावायच्या आधी दाराच्या मोटरचा प्लग काढायचा. तुमचे जावई रस्त्यावरूनच रिमोट दाबतात. दार वर येऊन आडवं सरकताना शिडी मध्ये असली तर ती गेलीच.

पण चौथऱ्यावरूनही जड पेटी घेऊन उतरायचं नाही, म्हणून बाबा, कप्पी! तुम्हाला आवडेल. दोन-दोन चाकांच्या दोन कप्प्या, त्यामुळे ओझं चार पदरांवर वाटलं जातं. २५ किलोची पेटी हिशेबाने सव्वासहा किलोची वाटायला हवी. घर्षणामुळे थोडा जास्त जोर लागतो, आणि पेटी दहा फूट उचलायची तर चाळीस फूट दोर ओढावा लागतो. पण घाई कुणाला आहे?

वरची कप्पी छताच्या तुळईत बसवली. तुळया खालून दिसत नाहीत, कारण त्यांना झाकणारा पातळ तक्ता असतो जिप्समचा, त्यात मारलेला स्क्रू ओझ्यासकट खाली येईल. मग दोऱ्याला लोहचुंबक बांधून छतावरून फिरवलं. जिथे चिकटलं तिथे तक्ता तुळईला धरणारा स्क्रू, म्हणजे वर तुळई. दोन फुटांवर पुढची सापडली. आधी बारीक भोक पाडून मग जाड स्क्रू फिरवला, नाहीतर लाकूड चिरतं.

आता चौथऱ्यावर उभी राहून पेटीला पट्टा बांधते, आकडा अडकवते, रिकाम्या हातांनी खाली उतरते, दोर ताणून घेते आणि बाजूला उभी राहून काठीने पेटी मांडणीच्या कडेवरून ढकलते. पेटी आधी थोडी झोके घेते, म्हणून लगेच सोडत नाही. टायर मात्र खालीच आणून ठेवले, ते वर ठेवणं हाच मूर्खपणा होता.

दोर पहिल्यांदा नायलॉनचा आणला होता. तो ताणतो, टांगलेलं ओझं सकाळपर्यंत दोन बोटं खाली आलं. आता पॉलिएस्टरचा आहे. भिंतीवरच्या खुंटीला तो आठच्या आकड्यात गुंडाळते, पण शेवटची गाठ मनासारखी बसत नाही. विहिरीच्या रहाटाला तुम्ही मारायचात ती गाठ पुढच्या फोनवर कॅमेऱ्यासमोर, हळूहळू, मारून दाखवा.

आईला पत्र वाचून दाखवाल तेव्हा नडगीचा भाग गाळा. बॉनेटचा सांगितलात तरी चालेल.

तुमची,
धाकटी