मालकही मीच, नोकरही मीच. मग पेन्शनला वजावट का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विवरणपत्रे भरण्याच्या दिवसांत पगारदारांच्या सवलतींविषयी भरपूर छापून येते, पण स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांच्या पेन्शनचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. मी वास्तुविशारद असून स्वतःचे छोटे कार्यालय चालवतो.

राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे आणि २०१७ च्या अर्थसंकल्पाने आमच्यासाठी वजावटीची, म्हणजे करपात्र उत्पन्नातून वजा होणाऱ्या रकमेची, मर्यादा एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांवरून २० टक्के केली. मात्र ही रक्कम विमा आणि पीपीएफसह दीड लाखांतच बसवावी लागते. वेगळे मिळतात ते ५० हजार, आणि तेही फक्त जुन्या करपद्धतीत, जिथे वजावटी मिळतात पण दर चढे आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी १४ लाखांच्या व्यावसायिक उत्पन्नावर ही दोन लाखांची वजावट घेतली, तर जुन्या पद्धतीत कर येतो १,७९,४०० रुपये. कमी दरांच्या, पण बहुतेक वजावटी नसलेल्या नव्या पद्धतीत पेन्शनमध्ये एक रुपया न भरताही तो ९३,६०० रुपयेच येतो. शिवाय व्यावसायिकाला जुन्या पद्धतीसाठी मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा नव्या पद्धतीत परतल्यावर व्यवसाय चालू असेपर्यंत जुनीचे दार बंद होते. पगारदार मात्र दरवर्षी निवड करू शकतो.

उलट, महिना ६० हजार मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्यासाठी कंपनीने १४ टक्के, म्हणजे वर्षाला १,००,८०० रुपये एनपीएसमध्ये भरले, तर ते नव्या पद्धतीतही वजा होतात. गंमत अशी की, हिशेबवह्या ठेवल्या असतील तर माझ्या ड्राफ्ट्समनच्या एनपीएस खात्यात मी मालक म्हणून भरलेले पैसे ठरावीक मर्यादेपर्यंत व्यवसायाचा खर्च ठरतात, माझ्या खात्यात भरलेले ठरत नाहीत.

नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत करच नाही, मग तक्रार कसली, असे कोणी म्हणेल. त्या मर्यादेतल्यांना या वजावटीची गरज नाही, हे मान्य. पण आमचे उत्पन्न एका वर्षी १४ लाख तर पुढच्या वर्षी ६ लाख असते. म्हातारपणासाठी जास्त बाजूला काढायचे ते चांगल्या वर्षातच, आणि नेमक्या त्याच वर्षी कायदा हात आखडता घेतो. तेव्हा नव्या पद्धतीत स्वयंरोजगारितांच्या स्वतःच्या अंशदानालाही व्यवसायाच्या निव्वळ उत्पन्नाच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळावी, अशी केंद्रीय अर्थमंत्रालयाला आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक वास्तुविशारद, सांगली